अप्पांची अडीच वर्षं

रविवारची सकाळ होती. उमरग्यात घरी पेपर तपासत बसलो होतो. बायको गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तेवढ्यात गावाकडून अप्पांचा फोन आला.

"सर, तुमच्या दिगूनं परत गंडवलं मला."

मला हसू आलं. हे वाक्य मी कित्येक वर्षं ऐकत आलोय. म्हटलं, "आता काय केलं दादानं?"

अप्पा म्हणाले, "गाडी काढा. सावकाश या."

दिगंबर म्हणजे आमचा दादा, माझा थोरला भाऊ. त्या सकाळी अंगणात चहा पिता पिता गेला. मुरूमजवळच्या आमच्या गावात तो सोसायटीचा चेअरमन होता, आणि अप्पा त्याचे जन्माचे विरोधक. दादानं नुकताच राजीनामा दिला होता. दुसऱ्या दिवशीच्या सभेत ती खुर्ची शेवटी अप्पांना मिळणार होती. सभा अर्थातच पुढं ढकलली गेली.

असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. नांगराला दगड लागला की तो उचलून बांधावर टाकतात, तसे ते साठत जातात. दहाव्यापर्यंत आमच्या अंगणात इतके साठले की रडायला आलेली माणसं हसून जायची आणि फाटकापाशी गेली की डोळे पुसायची.

*

सोसायटीचा चेअरमन संचालकांनी निवडायचा असतो. आमच्याकडं निम्मे संचालक दादाचे, निम्मे अप्पांचे, आणि एकजण जिकडं चहा चांगला तिकडचा. भांडून भांडून सगळे थकले तेव्हा तोडगा निघाला. पाच वर्षांतली अडीच वर्षं एकानं घ्यायची, अडीच दुसऱ्यानं. खंडोबाच्या देवळात दोघांनी बेलभंडारा उचलला.

आता आधी कोण?

दादा म्हणाला, "अप्पा, पंगतीला आधी कोण बसतंय?"

"पोरं."

"मग मी बसतो आधी. तुमी थोरले. मागनं सावकाश बसायचं, पोटभर जेवायचं."

अप्पांना हे पटलं. अडीच वर्षं सरली, तीन झाली. अप्पांच्या भुसार दुकानात कुणीतरी विचारलं, "अप्पा, तुमची पाळी कवा?"

"पोरगं उठायलाच तयार न्हाय," अप्पा म्हणाले. "वाढप्यालाबी त्यानंच फितवलंय."

*

दादानं त्यांना कधीच नाही म्हटलं नाही. त्यानं त्यांचा सत्कार केला.

पुढच्या खेपेला अप्पा खुर्ची मागणार याची कुणकुण लागताच दादानं गोदामापुढं मांडव घातला. माईक लावला, अप्पांना फेटा बांधला, शाल दिली, आणि तासभर त्यांच्यावर भाषण केलं. आमचे आधारवड, आमचे मार्गदर्शक, खुर्चीचा ज्यांना कधी मोह झाला नाही असे आमचे अप्पा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन म्हाताऱ्यांनी पदर डोळ्याला लावला.

अप्पा घरी आले आणि फेट्यासकट पलंगावर बसून राहिले. बायकोनं विचारलं, "काय झालं? चांगलं बोलला की दिगंबर."

"त्याचंच तर वाईट हाय," अप्पा म्हणाले. "आता मार्गदर्शकानं खुर्ची मागायची कशी?"

*

लग्नात मानाची माणसं पुढच्या रांगेत बसतात. दादा मात्र पार मागं, चपला काढून ठेवतात तिथं जाऊन बसायचा. मग माईकवरून पुकारा व्हायचा, "दिगंबरदादांनी कृपया स्टेजवर यावं." सगळा मांडव माना वळवून बघायचा. दादा लाजत लाजत, वाटेत प्रत्येकाला हात जोडत पुढं यायचा. मांडवाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याचा प्रचार होऊन जायचा.

अप्पांच्या हे ध्यानात यायला काही लग्नं गेली. मग तेही मागं बसू लागले. दादा त्यांच्या मागं सरकला. अप्पा त्याच्याही मागं. असं करत करत एका लग्नात दोघंही मांडवाबाहेर, आचाऱ्याच्या चुलीपाशी जाऊन पोचले. माईकवाल्याला दोघंही दिसेनात. फेटा नवरीच्या मामाला बांधला गेला.

आचाऱ्यानं विचारलं, "गरम भजी देऊ का?"

दादा म्हणाला, "आधी अप्पांना द्या. थोरले हायत."

अप्पा म्हणाले, "हितं बरा थोरला दिसतो मी तुला."

*

दुखवट्याला एक तरुण पुढारी आला होता. पांढरे कपडे, डोक्यावर गॉगल. त्यानं वहिनींना विचारलं, "काकू, दादांनी येवढी माणसं कशी काय सांभाळली? काय टेक्निक होतं?"

वहिनी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जेवायला कोण, किती येणार हे त्यांनी मला कधी सांगितलं न्हाय. माणसं त्यांनी जोडली. भाकरी म्या थापल्या."

त्यानं गॉगल काढून खिशात ठेवला.

*

एका साली अप्पांचा संयम सुटला. त्यांनी अविश्वास ठराव आणला आणि ठरावाआधी संचालक फुटू नयेत म्हणून दादाच्या गटातल्यांसकट सगळ्यांना दोन जीपगाड्यांत घालून कर्नाटकात सहलीला नेलं. देवदर्शन, लॉज, दोन्ही वेळ जेवण. सगळे अप्पांच्या ताब्यात. गावात दादा एकटा.

आम्ही घाबरलो. मी फोन करून म्हटलं, "दादा, काहीतरी कर. निदान शोध तरी घे त्यांचा."

"मला येळ न्हाय," दादा म्हणाला. "आभाळ आलंय."

सोयाबीन काढून ज्याच्या त्याच्या रानात पडलेलं होतं. हा हंगाम अप्पांच्या डोक्यातून निसटला होता. ते दुकानदार माणूस, शेत वाट्यानं लावलेलं. दादानं मळणीयंत्र गाठलं, गावातल्या ताडपत्र्या गोळा केल्या, आणि सहलीला गेलेल्या एकेका संचालकाचं सोयाबीन मळून झाकून घेतलं. झालं की फोन करायचा, "तुमचं झालं बघा. घाई करू नका, देवदर्शन नीट करा."

पाऊस आला तेव्हा सगळ्यांच्या राशी कोरड्या होत्या.

ठरावाच्या दिवशी जीपगाड्या थेट सोसायटीपुढं येऊन थांबल्या. सभा घ्यायला आलेल्या सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "ठरावाच्या विरोधात कोण?" सगळे हात वर गेले. अधिकाऱ्यांनी पुन्हा नीट बघितलं.

"अप्पा, ठराव तुम्हीच मांडलाय. तुमचा हात का वर आहे?"

"साहेब, माझंबी सोयाबीन त्यानंच झाकलंय."

*

या वर्षी दादा आपण होऊन अप्पांच्या दुकानात गेला. हरभऱ्याच्या पोत्यावर बसला आणि म्हणाला, "अप्पा, राजीनामा दिलाय. सोमवारी चेअरमन तुमी. तुमचं नाव मीच सुचवणार. दुसऱ्या कुणाला सुचवू देणार न्हाय."

अप्पांनी तराजू खाली ठेवला. "दिगू, तब्येत बरी हाय ना तुझी?"

दादा मोठ्यानं हसला म्हणे. ते हसू मी पाहिलं नाही, पण मला ते ठाऊक आहे.

तेरावं झालं आणि राहिलेली सभा भरली. मी बाहेर कट्ट्यावर बसलो होतो. खिडकी उघडी होती. विरोधात कुणीच नव्हतं. अधिकारी म्हणाले, "अप्पा, अर्ज भरा. सूचक कोण?"

"दिगंबर," अप्पा म्हणाले.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "अप्पा, मयत माणसाला सूचक होता येत नाही."

दादाच्या गटातला एक संचालक उठला. "अप्पा, मी सुचवतो."

"खाली बस. मला शब्द तू दिला व्हतास का?"

दुसरा उठला, तिसरा उठला. प्रत्येकाला अप्पांनी हातानंच खाली बसवलं. अधिकारी म्हणाले, "अप्पा, असं कसं चालेल? खुर्ची तुमचीच आहे. इतकी वर्षं थांबलात."

"मग काय बिघडलं?" अप्पा म्हणाले. "सवय हाय मला."

त्यांनी टोपी घातली, बाहेर आले, आणि माझ्या शेजारी कट्ट्यावर बसले. आत अर्जाची वेळ संपेपर्यंत सगळे घड्याळाकडं बघत राहिले. एकही अर्ज आला नाही. सभा तहकूब झाली.

चेअरमनची निवड अजून झालेली नाही.