गच्चीवरचं पिंप

बातम्या देण्यात माझं आयुष्य गेलं. ही एक मात्र कुठेच दिली नाही. पुढे लग्न झालं, बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे — का, ते नीट ठाऊक नाही.

पनवेलला महापालिका व्हायच्या आधीची गोष्ट. रोडपालीत मी भाड्यानं राहत होतो. वर मी एकटा. खाली घरमालकीण मावशी, तिचा मुलगा, सून रंजना आणि लहान नात. पाणी दिवसाआड यायचं, म्हणून गच्चीवर माझं पिंप असे. मावशीची अट एकच होती.

"पिंपावर झाकन ठेवा नि आठवड्याला धुवा. खाली पोर हाय आमची."

"मावशी, डेंग्यूच्या बातम्या मीच लिहितो."

"लिवता ना? मंग धुवा बी."

धुतलं का? झाकण फुटलं, नवं आणलं नाही. पाण्यात अळ्या वळवळताना मी पाहिल्या — पाहिल्या, मगानं बाजूला सारल्या, बादली भरली आणि कामाला गेलो. असं कितीदा?

पावसाळ्यात रंजनाला ताप आला. डेंग्यू निघाला. तिला दवाखान्यात हलवलं त्या दुपारी घर रिकामं होतं. मी गच्चीवर गेलो. पिंप उपडं केलं, घासलं, वाळत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तपासणीला माणसं आली. वर सगळं कोरडं. खाली ओट्यावर, मावशीच्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत, अळ्या सापडल्या.

रंजना गेली.

चावलेला डास कुठल्या पाण्यातला, हे कोण सांगणार? — या प्रश्नाच्या आडोशाला मी बरीच वर्षं काढली. पण तेव्हा मी बातमी दिली: मृत महिलेच्या घरातील कुंड्यांमध्ये अळ्या आढळल्या, नागरिकांनी दक्षता घ्यावी. त्यात एक शब्द खोटा नव्हता. मुलानं ती वाचली. आईशी बोलणं टाकलं. तेरावं झाल्यावर लेकीला घेऊन तो खारघरला राहायला गेला. नात पुन्हा त्या ओट्यावर दिसली नाही.

मावशीनं कुंड्या टाकायला काढल्या. तिला उचलवेनात, म्हणून मला हाक मारली. तेव्हा तरी सांगता आलं असतं. ओट्यावर आम्ही दोघंच होतो.

"माज्याच हातानं झालं, भाऊ," ती म्हणाली. "तुमी हाय म्हनून बरं हाय."

मी पुढची कुंडी उचलली.