गाठीवर बसलेला पंप

मेघाला राग आला की ती बोलायची नाही, पेन्सिलीला टोक करत बसायची. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या फवारणी पंपांच्या कारखान्यात वर्षभर तिच्या टेबलाखालचा सालींचा ढीग काही सरला नाही. पंपाचं डिझाइन तिच्याकडे होतं आणि मालक ऋतुराजसरांचं एकच पालुपद होतं: बायका फवारतात कुठं? फारच वाटलं तर टाकी गुलाबी करू.

मेघाच्या गावी, पिशोरला, निम्मी फवारणी बायकांच्या पाठीवर चालायची. पुरुषी मापाच्या पंपाखाली वाकलेली केसरबाई, तिची सख्खी आत्या, तिनं लहानपणापासून पाहिली होती. म्हणून ती भांडली. टाकी आखूड केली, कमरेला टेकणाऱ्या बाजूला बाक दिला, दांडा हाताशी आणला. शेवटी सर कंटाळून म्हणाले, चाचणी घ्या, बायका खूश असतील तर सोमवारी साचा कापायला देऊ. साचा एकदा कापला की पुढं कित्येक वर्षं तेच माप, हे दोघांनाही माहीत होतं.

चाचणीला बायका लग्नाला निघाल्यासारख्या आल्या. केसरबाईची भाची कंपनीच्या गाडीतून येणार, फोटो निघणार. केसरबाई तर ठेवणीतलं जांभळं पातळ नेसून, पदर नीट सोडून, भरला पंप पाठीवर घेऊन मिरवली. सगळ्याजणी म्हणाल्या, लई भारी. मेघानं तेच सरांना कळवलं.

रविवारी शहरातल्या औरंगपुऱ्यातून पेढे घेऊन ती न सांगता गावी गेली. आत्या मक्यात होती, नमुन्याचा तोच पंप पाठीवर. पण आज पातळावरून नवऱ्याचा जुना शर्ट, आणि पदर कमरेमागं घट्ट गाठ मारून बांधलेला. कामाला सगळ्या बायका रोज अशाच जातात. पंपाचा बाक नेमका त्या गाठीवर बसत होता. आत्यानं पंप उतरवला तेव्हा मेघानं शर्ट वर करून पाहिलं. कातडं सोललं होतं.

तिच्या डोक्यात सणक गेली. त्या दिवशी का नाही बोललीस, उद्या साचा कापतील, म्हणून ती आत्यावरच ओरडली.

"तू केलेला पंप. चार बायकांत मी नावं ठिवू व्हय?"

"मग सोसत बसायचं?"

केसरबाईनं पंप पायानं बाजूला सारला. "तू कुणावर चिडायलीस? पाठ माझी सोलली. जन्मभर मला शर्टात बघायलीस. त्या दिवशी ठेवणीतल्या पातळात बघून तुला येक सवाल पडला नाय?"

वापरणाऱ्याला त्याच्या रोजच्या कामात बघा, हा कॉलेजातला पहिला धडा. तो ती स्वतःच्याच शेतात विसरली होती. राग धरायला आता स्वतःशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं. म्हणून तो कमीही झाला नाही.

बांधावरूनच तिनं सरांना फोन लावला. साचा थांबवा, चाचणी खोटी होती, चूक माझी. सर हसले. "तरी मी म्हणत होतो मॅडम, बायकांचं कुणाला पुरं पडलंय? राहू द्या जुनंच माप."

"जुन्या मापानंही सोलतंच, सर. ते तुम्ही कधी बघितलं नाही, आणि मी बघूनही बघितलं नाही. जुनंच माप ठेवायचं तर माझी खुर्ची रिकामी समजा."

सर महिनाभर थांबतो म्हणाले, त्याहून जास्त नाही.

मेघानं फोन ठेवला. ओढणी कमरेमागं नेऊन घट्ट गाठ मारली आणि पंप पाठीवर चढवला. टाकी भर, ती आत्याला म्हणाली. आत्याचा राग अजून गेला नव्हता. तिनं काठोकाठ भरली.