उजवीकडची बासरी

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला दिसतो तो काउंटरवरचा माणूस. आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मागच्या खोलीत असतात. तिथे एक चाक फिरतं, त्यावर पाणी ठिबकतं आणि भाऊजी काचा घासून फ्रेमच्या मापाच्या करतात. प्रत्येक डाव्या काचेवर ते शाईचा ठिपका देतात. डावी-उजवीची अदलाबदल झाली तर माणसाचं डोकं दुखत राहतं आणि चूक कुणाची हे त्याला कधीच कळत नाही, असं ते म्हणतात. एकदा अशी नुसती शंका आली म्हणून हा माणूस एप्रनसकट रस्त्यावर धावला होता आणि एका अनोळखी बाईला बसच्या रांगेतून बाजूला घेऊन तिचा चष्मा तपासून आला होता. चष्मा बरोबर होता. बाईंची बस मात्र चुकली.

हाच काटेकोर माणूस घरी आला की त्याचे हात शिवशिवतात. चांगलं चाललेलं त्यांना बघवत नाही. ताईच्या स्वयंपाकघरातला नळ ठीक होता, तो त्यांनी आणखी ठीक केला. आता तो बंद करायला दोन्ही हात लागतात. माझ्या पुढच्या दाराची कडी त्यांनी सुधारल्यापासून मी मागच्या दाराने ये-जा करते. हे सगळं मी त्यांना तोंडावर ऐकवते आणि ते हसतात. मेहुणीचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं, असा त्यांचा समज आहे.

आमचे वडील, अप्पा, आई गेल्यापासून ताईकडेच राहतात. लेकीच्या घरी, जावयाच्या छताखाली राहायचं म्हणजे अप्पांसारख्या माणसाच्या जिवावर येणारी गोष्ट. पण त्यांचं काम सुटलं नव्हतं, म्हणून ते ताठ मानेने राहत होते. अप्पा शिलाई मशीनचे मेकॅनिक. एका कपड्यांच्या कारखान्यात आठवड्यातून दोनदा जायचे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू मशीनला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत कुठे काय घासतंय ते त्यांना तेवढ्यावर कळायचं. कारखान्यातल्या बायका मशीन बिघडलं की "अप्पांचा कान बोलवा" म्हणायच्या. परत येताना अप्पा फळांची पिशवी आणायचे आणि टेबलावर जरा आवाज होईल अशी ठेवायचे.

ताईकडे येताना अप्पांनी एक ट्रंक, एक वेताची खुर्ची आणि तबकड्यांच्या यंत्रासकट आपला जुना अँप्लिफायर आणला होता. दोन चॅनेलचा, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा देणारा, दोन स्पीकरचा. रविवारी सकाळी खुर्ची बरोबर मधोमध ओढून ते वाद्यवृंदाची एक ठरलेली तबकडी लावायचे. पेटी डाव्या स्पीकरमधून यायची, ढोल मधून आणि बासरी थेट उजवीकडून. "तो बासरीवाला त्या कपाटापाशी बसतो," असं सांगून ते कपाटाकडे बोट करायचे आणि बासरी सुरू झाली की त्याच्याकडे बघून मान डोलवायचे. आम्ही लहान होतो तेव्हाही तो कुठल्या ना कुठल्या कपाटापाशी बसायचाच.

भाऊजींना मात्र त्या तबकडीतला ढोल पोकळ वाटायचा. स्पीकर छोटे, त्यातून खालचे सूर निघणार कुठून? सबवूफर बसवला तर अप्पा खूश होतील, असं त्यांच्या मनाने घेतलं. माझं शिलाई मशीन अडलं म्हणून अप्पा चार दिवस माझ्याकडे राहायला आले आणि तिकडे भाऊजींनी डाव साधला. मोठं काळं खोकं घरी आलं.

जुन्या अँप्लिफायरला सबवूफरसाठी वेगळी जागाच नव्हती. हरकत नाही, स्पीकरच्या तारा जिथे बसवतात तिथूनच आणखी एक जोडी तारा काढून सबवूफरला द्यायच्या, हा सरळ मार्ग आहे आणि तो भाऊजींना ठाऊक होता. त्यांनी जुन्या तारा सोडल्या, नव्या तारांबरोबर पीळ दिला आणि स्क्रू आवळले. डावी बाजू झकास झाली. उजवीकडच्या पिळातून केसाएवढा एक तांब्याचा तंतू बाहेर राहिला आणि शेजारच्या स्क्रूला टेकला. काचेवरचा धुळीचा कण ज्यांना लांबून दिसतो, त्या माणसाला तो दिसला नाही. आवाज वाढवल्याबरोबर उजवा स्पीकर गुरगुरला, जळका वास आला आणि उजवी बाजू गप्प झाली.

भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं, आतला भाग जळला असणार, जुना आहे, मागवावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही. आणि अप्पा दुसऱ्या दिवशी परत येणार होते. तेव्हा भाऊजींनी ते केलं, जे दुकानात त्यांनी कुणाला करू दिलं नसतं. उजव्या स्पीकरच्या तारा त्यांनी डाव्या बाजूलाच जोडून टाकल्या. दोन्ही स्पीकर डाव्या बाजूचाच आवाज वाजवू लागले, ढोल तर खोली भरून वाजू लागला. एका माणसाच्या दोन्ही डोळ्यांना डावीच काच.

रविवारी अप्पा खुर्चीत बसले. ढोल ऐकून त्यांनी भुवया उंचावल्या. "जावईबापू, पोटात वाजतोय हो!" म्हणाले. मग बासरीची जागा आली. अप्पांनी सवयीने कपाटाकडे पाहिलं आणि मान डोलवायला घेतली, पण ती अर्ध्यावरच थांबली. त्यांनी सुई उचलून तबकडीवर मागे ठेवली. परत तेच. ढोल होता, पेटी होती, कपाटापाशी कुणी नव्हतं.

"अप्पा, काही झालं का?" ताईने विचारलं.

"काही नाही," अप्पा म्हणाले आणि कानात करंगळी घालून हलवली.

भाऊजी तिथेच उभे होते. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं.

पुढचे काही रविवार अप्पा स्वतःची परीक्षा घेत राहिले. ताईला लांबून कुजबुजायला सांगायचे आणि ती काय म्हणाली ते बरोबर ओळखायचे. पण त्याने त्यांचं समाधान होईना. "बोलणं जाड असतं. माझे बारीक सूर गेलेत. म्हातारपणी आधी तेच जातात," ते म्हणाले. आणि मशीनमधली घासणारी किणकिण म्हणजे बारीक सूरच. कारखान्यात त्यांनी एक धडधाकट मशीन संशयापायी उघडलं, पूर्ण दिवस घालवला, आत काही सापडलं नाही. सुपरवायझर काही बोलला नाही, हेच त्यांना जास्त लागलं. त्या दिवशी फळांची पिशवी आली, पण टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला नाही.

ताई म्हणाली, कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. अप्पा म्हणाले, वय झालं हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? आणि तेव्हा भाऊजी पटकन बोलून गेले, "बरोबर आहे अप्पांचं. घाई काय आहे?"

मला या माणसाची बाकी सगळ्याबद्दल कीव येते. या एका वाक्याबद्दल अजून येत नाही.

अप्पांनी कारखान्यात सांगून टाकलं की हा महिना संपला की येणार नाही. त्यानंतर लगेच जळालेल्या भागाच्या जागी बसवायचा नवा भाग मिळाला. अप्पा कामावर गेलेले असताना भाऊजी अँप्लिफायर घेऊन दुरुस्तीवाल्याकडे धावले, संध्याकाळच्या आत परत आणला, एकेक तंतू चिमटीत धरून तारा पिळल्या, डाव्या डावीकडे, उजव्या उजवीकडे. आता बासरी येईल, अप्पा खूश होतील, कुणाला काही कळणार नाही आणि सगळं पूर्वीसारखं होईल. असा हिशेब फक्त अपराधी माणूसच मांडू शकतो.

"अप्पा, आज लावा ना तबकडी," भाऊजी म्हणाले. अप्पांना इच्छा नव्हती. बळेच खुर्चीत बसवलं.

बासरी आली. कपाटापाशी, स्वच्छ, अगदी पूर्वीसारखी. भाऊजी अप्पांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. अप्पांचा चेहरा क्षणभर उजळला आणि मग असा पडला की ताई घाबरून जवळ गेली.

"येते आणि जाते," अप्पा म्हणाले. "पार गेली असती तर निदान तसं समजून चाललो असतो. येतो-जातो अशा कानावर कुणाच्या सुईची जबाबदारी घ्यायची? महिना कशाला संपायला हवा? उद्याच हत्यारं देऊन येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊजी माझ्या मागच्या दारात उभे. दुकानाचा एप्रन अंगावर, दुकान सोडून आलेले. उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं, तो तांब्याचा तंतू, त्या तारा, ते डॉक्टरबद्दलचं वाक्यसुद्धा. "मी नीच आहे," म्हणाले आणि रडू लागले. रडणाऱ्या माणसावर मी कधी ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले.

"माझ्याकडे काय आलात? मी बहिरी झालेय का? त्यांना जाऊन सांगा!"

"कोणत्या तोंडाने सांगू?"

"ज्या तोंडाने 'घाई काय आहे' म्हणालात, त्याच."

आम्ही दोघं कारखान्यात पोचलो तेव्हा अप्पांनी हत्यारांचा डबा एका टेबलावर उघडून ठेवला होता. कारखान्यातला दुसरा फिटर, पन्नाशीचा साधा माणूस, हात मागे बांधून उभा होता; त्याला ती हत्यारं घेणं अवघड वाटत होतं. अप्पा तो लांब स्क्रू-ड्रायव्हर फडक्याने पुसत होते. चारी बाजूंनी मशीन चालू होती, त्यामुळे भाऊजींना त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ओरडून सांगावी लागली.

"अप्पा, तुमचा कान चांगला आहे! मी अँप्लिफायर जाळला होता! बासरी वाजतच नव्हती!"

जवळच्या बायकांनी पायडलवरचे पाय थांबवले. एकेक मशीन बंद होत गेलं आणि उरलेलं भाऊजींनी शांततेत सांगितलं, मान खाली घालून, काही न गाळता.

अप्पांनी स्क्रू-ड्रायव्हर पुसायचा थांबवला. मला वाटलं, अँप्लिफायरबद्दल बोलतील. तो त्यांचा जीव की प्राण. ते म्हणाले, "जावईबापू, यंत्र जळतं. माझ्या हातूनही जळलीत. पण मी बहिरा होत होतो आणि तुम्ही समोर बसून बघत होतात."

त्या फिटरने हळूच डबा मिटला आणि अप्पांच्या बाजूला सरकवला. अप्पांनी तो तिथेच राहू दिला, हातातला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जवळच्या मशीनपाशी गेले आणि त्या बाईला म्हणाले, "चालव."

अप्पा अजून कारखान्यात जातात. फळं येतात. भाऊजींशी बोलणं दोनेक आठवडे बंद होतं, मग एक दिवस नळाच्या निमित्ताने सुरू झालं. सबवूफर काढून टाकायला भाऊजी निघाले होते, अप्पांनीच नको म्हटलं. ढोल चांगला वाजतो, त्याचा काय दोष, म्हणाले. भाऊजींनी नवं काही सुधारायला घेतलेलं मी त्यानंतर पाहिलेलं नाही. माझी कडी अजून तशीच आहे, पण मी मागे लागत नाही.

मला वाटलं होतं, खरं कळलं की अप्पा पूर्वीसारखे होतील. तसं झालं नाही. कारखान्यात ते स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावतात, बिघाड अचूक ओळखतात आणि मग तोच स्क्रू-ड्रायव्हर त्या फिटरच्या हातात देतात. "तू पण ऐक एकदा," म्हणतात. पूर्वी असं कुणाला म्हणाले नव्हते.

आणि रविवारी ते भाऊजींना शेजारी खुर्ची घेऊन बसवतात. पेटी होते, ढोल होतो. बासरीची जागा आली की अप्पा कपाटाकडे बघतात, बासरी त्यांना ऐकू येत असते, बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरत असतात, तरी ते वळून विचारतात, "आली ना?"

"आली, अप्पा," भाऊजी म्हणतात. मगच अप्पा मान डोलवतात. भाऊजी मात्र स्वतःच्या पायांकडे बघत बसतात.