दसऱ्याची साफसफाई आणि जुनं पायथन

मुरबाडला मी कॉम्प्युटर शिकवायचे, तेव्हा माझा एक हट्ट असे: प्रत्येक प्रोग्रॅमची चूल वेगळी. एकाला पायथन या संगणकभाषेची जुनी आवृत्ती लागते, दुसऱ्याला नवी. सगळं एकत्र ठेवलं की भांडणं ठरलेली. लोक मला खवट म्हणत. म्हणोत बापडे.

म्हसा गावाकडच्या एका पाड्यावरची मुलगी माझ्याकडे शिकली. शहापूरच्या एका क्लासला लॅब सांभाळायला माणूस हवं होतं, आणि तिथल्या सरांनी तिला तिचा पावसाचे आकडे मांडणारा प्रोग्रॅम दाखवायला बोलावलं होतं. ही जागा हुकली तर दिवाळीनंतर घर बंद करून तिला घरच्यांबरोबर पावसाळ्यापर्यंत वीटभट्टीवर जावं लागणार होतं. माझ्याकडे लिनक्स, तिकडे विंडोज; इथलं फोल्डर उचलून तिथे नेलं तर चालत नाही. म्हणून दसऱ्याआधीच मी तिला तिकडच्या मशीनवर जुनं पायथन आणि तिच्या प्रोग्रॅमपुरतं वेगळं फोल्डर बसवायला लावलं होतं.

दसरा झाल्यावर आम्ही गेलो तर मशीनला हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि प्रोग्रॅम बंद. पूजेआधी सरांनी साफसफाई काढली होती. "पूजेला जुनं कशाला ठेवायचं? काढून टाकलं, नवं पायथन घातलं," ते कौतुकाने म्हणाले. मला सणकून राग आला. पण मुलीचा चेहरा उतरला होता, म्हणून गिळला.

"मॅडम, आता नाय जमायचं."

"न जमायला काय झालं? जुन्या पायथनची सीडी आणलीस ना? मग बस कामाला."

मी मुद्दाम मागे उभी राहिले. मला खात्री होती. सरांच्या नव्या पायथनला हात न लावता तिने जुनं शेजारी बसवलं, जुनं पायथन काढल्याने मोडलेलं तिचं फोल्डर पुसून दुसरं केलं आणि लागेल ते एकेक त्यात घातलं. पडद्यावर पावसाचा आलेख उमटला. सरांनी लगेच नव्या आवृत्तीतला आपला प्रोग्रॅम उघडून पाहिला. तोही चालला.

"बाकीच्या मशीनी पण अशा करून देशील?" त्यांनी तिला विचारलं. "सोमवारपासून ये."

बाहेर, आमच्याबरोबर आलेले तिचे वडील तंबाखू मळत बसले होते.

"बाबा, औंदा मी नाय येत भट्टीवर. इथं काम लागलं."

त्यांचा हात थांबला. मला वाटलं, कामाचा एक हात कमी झाला म्हणून चिडतील.

"बरं झालं गो," ते म्हणाले. "आमी परत येऊ तवा घरात कोणतरी असंल."