बॉबलिंगेनची मंदी आणि आमची मंडळी

आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांच्या नोकऱ्या धडधाकट होत्या, तेव्हा शनिवारच्या चहाला विषयच नसायचा. कोवळी भेंडी कुठे मिळते ते कुणीतरी सांगायचं आणि चहा संपायचा. मग इथला, जर्मनीतला गाड्यांचा धंदा बसला, आणि किस्से इतके साठले की हल्ली चहा दोनदा टाकावा लागतो!

सुरुवात मंदारपासून. मंदार पुण्याचा, गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहिणारा. त्याच्या कंपनीत कुर्झआर्बाइट लागलं. म्हणजे काम कमी, म्हणून गुरुवार-शुक्रवार घरी बसायचं. नोकरी राहते, पण पगारही कापला जातो. आईला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं. गुरुवारी पुण्याहून व्हिडिओ कॉल आला की पठ्ठ्या इस्त्रीचा शर्ट चढवून, मागे ऑफिसचा फोटो लावून बसायचा. खाली बर्म्युडा!

"हो आई, मीटिंगमधूनच उचलला फोन," असं तो सांगत असताना मागे शिट्टी झाली. मग दुसरी.

आई शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या साहेबांना सांग, तिसरीला बंद करा. डाळ लागेल खाली!"

*

मंदारचा मेहुणा श्रीकांत, म्हणजे त्याच्या बायकोचा, शिल्पाचा मोठा भाऊ, कायझर्सलाउटर्नला अर्थशास्त्राचा संशोधक. बाहेरच्या व्यापारावर जगणाऱ्या छोट्या देशांत मंदी सरली तरी नोकऱ्या लवकर का परतत नाहीत, हा त्याचा विषय. एका शनिवारी त्याने आम्हाला समजावलं, "आधी निर्यात सावरते. मग कारखाने. नोकऱ्या सगळ्यात शेवटी येतात. मध्ये वेळ जातो."

रेनाटेकाकू ऐकत होत्या. काकू मूळच्या इथल्याच; जयंतकाकांशी लग्न केलं आणि सासूबाईंकडून मराठी शिकल्या. त्या काकांकडे वळून म्हणाल्या, "अहो, हे आपल्या ट्रेनसारखंच की! येणार हे नक्की. कधी, ते स्टेशनवर कुणालाच माहीत नाही!"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" श्रीकांत म्हणाला. पुढे एका कॉन्फरन्समध्ये त्याने हे वाक्य स्वतःचं म्हणून ठोकून दिलं. टाळ्या पडल्या म्हणे. काकूंनी तेव्हापासून त्याला बटाटेवडा देताना आधी विचारायला सुरुवात केली आहे, "हा कुणी केला?"

*

शेवटी मंदारची नोकरी गेलीच. व्हिसा नोकरीवर टांगलेला. काही महिन्यांत दुसरी मिळाली नाही, तर बिऱ्हाड गुंडाळायचं. शिल्पा सांगते, त्या दिवसांत तो घरभर दिवे मालवत फिरायचा. भर दुपारी!

रोजगार कार्यालयातल्या बाई मात्र प्रेमळ निघाल्या. "हेर जोशी, आपल्याकडे बस चालवणाऱ्यांची फार टंचाई आहे. शिकता का?"

मंदार खजील. "मला गाडीच चालवता येत नाही. लायसन्सच्या परीक्षेत नापास झालो."

"पण तुम्ही तर ब्रेकवर काम करत होता ना?"

"हो."

बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे नीट पाहिलं. "आल्झो, म्हणजे थांबवता येते!"

*

मग एका खेड्यातल्या छोट्या कंपनीत मुलाखत आली. बेकऱ्यांसाठी ओव्हन बनवणारी कंपनी. मालक सत्तरीचे, शब्द जपून वापरणारे. शिल्पाने आदल्या दिवशी उत्तर घोटून घेतलं होतं: "मला नवी आव्हानं हवी आहेत." भांडी घासतानाही म्हणायला लावलं!

मालकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "एवढी मोठी कंपनी का सोडलीत?"

आव्हानं कुठल्या कुठे गेली. "मी नाही सोडली," मंदार म्हणाला. "तिने मला सोडलं."

मालकांनी त्याचा अर्ज मिटून ठेवला. "मलाही," ते म्हणाले. "म्हणून तर ही काढली." आणि सोमवारपासून यायला सांगितलं.

शिल्पा फोनवर आधी रडली. मग नाक पुसत म्हणाली, "बघ, पाठांतराचा उपयोग झाला ना?"

"खूप!" मंदार म्हणाला. खरं काय घडलं ते तिला आमच्याकडून कळलं.

*

आणि आता श्रीकांत. त्याचा प्रोजेक्ट संपला, त्याबरोबर करारही संपला. बेरोजगारीवर डॉक्टरेट केलेला माणूस बेरोजगार! बॅग उचलून बहिणीकडे राहायला आला. कित्येक दिवस त्याने घरात कुणालाही अर्थव्यवस्था समजावली नाही, तेव्हा मात्र शिल्पा घाबरली. मला म्हणाली, "ताई, तुम्हीच न्या त्याला."

मी त्याला गाडीत घातलं आणि रोजगार कार्यालयात नेलं. "ताई, मी या लोकांवर लिहितो. त्यांच्या रांगेत कसा बसू?" तो पुटपुटला. कान लाल झाले होते. मी त्याला आत ढकललं आणि शेजारी बसले.

समोर कार्यालयातली एक तरुण मुलगी होती. तिने विचारलं, "तुमचं काम काय होतं?" श्रीकांतने मान खाली घालून विषय सांगितला. मुलीचे हात कीबोर्डवर थांबले. ती उठली, दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "हेर डॉक्टर, माझा करारही वर्षाअखेर संपतोय. मी काय करू?"

मग तिने मला बाहेर बसायची विनंती केली.

मी बसले. काचेतून श्रीकांत दिसत होता. आधी खुर्चीच्या कडेवर, मग नीट टेकून, मग दोन्ही हातांनी हवेत आलेख काढताना. मुलगी भराभर लिहून घेत होती. बाहेर ताटकळणारे लोक माझ्याकडे रागाने बघायला लागले, तेव्हा कुठे दार उघडलं. त्याचा चेहरा असा फुललेला की मी ताडकन उठलेच.

"काय झालं? मिळेल का काही?"

"मिळेल ना!" श्रीकांत म्हणाला. "तिला नक्की मिळेल!"