पीठ निजलंय

तोंडावर बोट ठेवायचं, डोळे मोठे करायचे आणि कुजबुजत म्हणायचं, "हळू बोला वैनी, पीठ निजलंय." मुरुडला आमच्या घरासमोर ज्यांची पावाची भट्टी होती, त्या चाचांची आणि माझी पहिली ओळख ही अशी. मी नवी सून. दारात उभी राहून "अहो पाववाले!" म्हणून हाक मारली होती. माझा आवाज मुळातच खणखणीत, माहेरी भावंडं मला भोंगा म्हणायची. आणि हा कोण कुठला समोरचा माणूस मला गप्प बसवतो? तणतणतच घरात आले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ते सगळ्यांनाच सांगतात. आमच्या मामंजींनासुद्धा सांगायचे."

खरंच सांगायचे. दुपारी पीठ मळून झालं की ते लाकडी काठवटीत ठेवायचं, वर ओलं फडकं टाकायचं आणि ते फुगून वर येईपर्यंत चाचा स्वतः अनवाणी चालायचे. कावळा ओरडला तरी हातवारे करून त्याला हाकलायचे. गंमत म्हणजे सगळी आळी त्यांचं ऐकायची. पोरं विटीदांडू घेऊन समुद्राकडे पळायची, पोस्टमन सायकलवरून उतरून चालत जायचा. आवाजानं पीठ बसतं की नाही, देव जाणे. पण त्यांच्या पावाला हात लावला की वाटायचं, असेल बाई, खरं असेल.

आमच्या घरात पावाला बंदी. सासूबाईंचं सोवळं कडक. पाव चालायचा तो फक्त आजाऱ्याला. त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी सासूबाईंच्याच अंगात कसर भरायची. मग चाचा केळीच्या पानात गरम पाव गुंडाळून मागच्या दारी यायचे आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "माय, औषध आणलाय." सासूबाई कण्हत कण्हत उठायच्या, चहात बुडवून अख्खा पाव खायच्या आणि संध्याकाळी खडखडीत बऱ्या होऊन माझ्या भाकरीला नावं ठेवायच्या.

आता त्या पावाचं गुपित सांगते. गुपित कसलं, सगळ्या गावाला माहीत होतं. पीठ फुगायचं ते माडीवर, म्हणजे माडाच्या आंबलेल्या रसावर. सकाळी भंडारी माडावरून उतरला की एक मडकं चाचांकडे यायचं. चाचा मडक्यात नाक घालायचे, डोळे मिटायचे आणि मान हलवायचे. माडीची चव त्यांनी जन्मात घेतली नव्हती. पाच वेळा नमाज पढणारा माणूस तो. मी एकदा खोडी काढली, "काय हो चाचा, हे तुमच्यात चालतं का?" तर म्हणाले, "हराम हाय ती पिणाऱ्याला, वैनी. पिठाला कसला हराम? भट्टीत गेली की वाफ होऊन खुदाकडं जाते." आणि स्वतःच खुसखुसत हसले. हसतानाही आवाज काढायचे नाहीत.

घरात एकटेच. बायको कधीच गेली होती, एकुलती मुलगी खाडीपलीकडे दिघीला दिलेली. भट्टी वडलांची, त्याआधी आजोबांची. ती पेटती ठेवायची, एवढंच त्यांना आयुष्यात करायचं होतं.

मग आमच्या नबाबाचं संस्थान विलीन झालं आणि पाठोपाठ दारूबंदी आली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! माझा सख्खा थोरला भाऊ दारूपायी गेला होता. मी शेजारीपाजारी साखर वाटली, चाचांच्याही हातावर ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली आणि म्हणाले, "चांगला झाला वैनी. घरं वाचतील." त्या वेळी त्यांच्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही नाही. सरकारच्या डोक्यात तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवशी मडकं आलं नाही. माडावर चढायला बंदी, मग माडी कुठून येणार? चाचांकडे एका बरणीत आंबवलेलं खमीर होतं, तेवढंच काय ते उरलं. ते त्यांनी जिवापाड जपलं. रोज त्यातलं थोडं काढायचं, पिठात घालायचं आणि बरणीत पुन्हा मैदा आणि गुळाचं पाणी टाकायचं. बाळंतिणीच्या खोलीत डोकवावं तसे येता-जाता बरणीत डोकवायचे. पण माडीची जागा गूळ कशी घेणार? पाव लहान होत गेला, मग आंबट होत गेला. गिऱ्हाईक तुटलं. सासूबाईसुद्धा एकदा म्हणाल्या, "आता औषध लागू पडत नाही गो."

त्याच सुमारास आमच्या ह्यांनी वर्तमानपत्रात वाचलं, बंदीमुळे ज्यांचा धंदा बुडाला त्यांना सरकार मदत देणार. हे कचेरीत कारकून, त्यामुळे चाचांना ह्यांचा शब्द म्हणजे सरकारचाच शब्द. त्यांचा चेहरा असा उजळला! "म्हंजे सरकारला आमची खबर हाय," म्हणाले. त्यांना दुसरं काही नको होतं. भट्टीपुरती मडकंभर माडी घ्यायला परवानगी द्या, नाहीतर दुसरी सोय होईपर्यंत चार पैसे कर्जाऊ द्या, एवढंच मागणं.

अलिबागला साहेबाकडे जायचं ठरलं. जाताना त्यांनी काय न्यावं? दोन पाव. एक त्यांच्या बरणीतल्या खमिराचा आणि एक नुसत्या पाणीपिठाचा, विटेसारखा. म्हणाले, "साहेब शिकलेला माणूस, पन पाव कसा होतो ता त्याला कोन सांगणार? हातात दिला की समजंल." मी त्यांची टोपी धुऊन, खळ घालून दिली. चाचा पाव छातीशी धरून नवरदेवासारखे निघाले.

परत आले ते थेट आमच्या ओटीवर बसले. पाणी प्याले आणि सगळं सांगितलं. साहेबानं आधी विचारलं, तू माडी काढणारा का? नाही. तुझं माडीचं दुकान होतं का? नाही. मग मदत तुझ्यासाठी नाही, पाववाल्याचं त्यात नाव नाही. मग चाचांनी पाव पुढे केले. साहेबानं हात मागे घेतला, पण वास त्याच्यापर्यंत गेला. विचारलं, "यात माडी आहे?"

"तुम्ही काय सांगितलंत?" मी घाईनं विचारलं.

"हाय म्हटला. घरी बरणी हाय, तिच्यावरच तर जगलोय, म्हटला. खोटा कशाला बोलू, वैनी? मदत मागायला गेलेला माणूस खोटा बोलतो काय?"

हे उठून रस्त्यावर कोणी ऐकत नाही ना, ते पाहून आले. मला काही कळेना. चाचांना तर मुळीच कळलं नव्हतं. उलट खूश होते, म्हणाले, "साहेबानं माझा नाव-गाव सगळा लिहून घेतला. येतील बघायला."

आले. आठवडाभरात आले. हवालदार गावातलाच, चाचांचा पाव खाऊन वाढलेला. मान वर करेना. "चाचा, वरून हुकूम हाय," एवढंच म्हणाला आणि बरणी उचलून गटाराकडे नेली. भरदुपार, काठवटीत पीठ ठेवलेलं. सगळी आळी दारात उभी आणि कोणी चकार शब्द काढत नव्हतं. चाचा त्याच्या मागोमाग गेले. मला वाटलं, भांडतील, पाया पडतील. तर त्यांनी हवालदाराच्या मनगटाला हात लावला आणि तसंच कुजबुजत म्हणाले, "हळू ओत रे बाबा. जिवंत हाय ता."

मी पदर तोंडात कोंबला. गटारात तो पांढरा फेस किती वेळ बुडबुडत होता.

त्यांना चौकीत नेलं, संध्याकाळी समज देऊन सोडलं. गुन्हा काय, तर घरात दारू बाळगली! अहो, ज्यांना प्यायची होती ते डॉक्टरची चिठ्ठी काढून राजरोस पीत होते. ज्यानं थेंब जिभेला लावला नाही, त्याच्या दारात पोलीस. माझा भाऊ दारूनं गेला, मला बंदीचं कौतुक सांगू नका आणि तिची निंदाही सांगू नका. पण एवढं मोठं सरकार, त्याला एक पाववाला दिसू नये? अजून माझं डोकं फिरतं.

चाचांना चौकीचं काही वाटलं नाही. पण पुढच्या शुक्रवारी मशिदीत कोणीतरी चेष्टेत "आले दारूवाले" म्हटलं. त्या दिवसापासून ते सगळ्यात मागे, चपलांपाशी बसू लागले. ह्यांनी मुंबईहून खमिराच्या पावडरीचा डबा मागवून दिला. चाचांनी मान राखायला एक भट्टी लावली. पाव फुगले, चांगले टरटरून फुगले. पण महाग डबा, त्यात खाडीच्या हवेनं आठ दिवसांत पावडरीचा दगड झाला. दुसरा डबा आणू का विचारलं, तर नको म्हणाले. त्यानंतर भट्टी पेटली नाही. गावात माणगावकडून पाव येऊ लागला. आम्हीही तोच खाल्ला, खोटं कशाला सांगू.

शेवटी मुलीनं बोलावलं म्हणून ते दिघीला निघाले. मी ह्यांना सरळ सांगितलं, मी आगरदांड्याच्या धक्क्यापर्यंत पोचवायला जाणार, कोणी काय म्हणायचं ते म्हणो. सासूबाई म्हणाल्या, "थांब, मीही येते." टांग्यातून आम्ही दोघी धक्क्यावर गेलो. चाचांबरोबर एक वळकटी आणि ती काठवट. काठवट कशाला नेता, असं विचारायची माझी छाती झाली नाही.

पुढच्याच वर्षी ते दिघीला वारले. पण मला आठवतो तो आगरदांड्याचा धक्का. दिघीची होडी सुटली, पाण्याचं अंतर वाढायला लागलं आणि मला राहवेना. होता नव्हता तेवढा आवाज काढून मी ओरडले, "चाचाऽ, जपून राहा होऽ!"

त्यांचा हात सवयीनं वर गेला, बोट ओठांवर टेकलं. मग त्यांनी मांडीवरच्या रिकाम्या काठवटीकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

"बोला वैनी," ते पहिल्यांदाच मोठ्यानं ओरडले, "मोठ्यानं बोला! आता कोन निजलंय?"