पाठकोऱ्या कागदांच्या चौदा वह्या

त्या शनिवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या सामंतांकडे फोन आला. एरवी सामंतवहिनी जिन्यातूनच हाक मारतात. त्या दिवशी वर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. "बोरिवलीहून होता," एवढंच म्हणाल्या... बोरिवलीला माझा धाकटा भाऊ मधू राहायचा. दाढी करता करता खुर्चीत बसला, तो उठलाच नाही. चोपन्न वर्षांचा होता. मी त्याच्यासाठी पोहे भिजवून ठेवले होते, कारण शनिवारी तो घाटकोपरला माझ्याकडे यायचा. चाळीस मिनिटांनी ते तसेच कुंडीत टाकले.

नील, अनुजा, माझ्या नातवंडांनो, तुमच्या बाबांना तार केली, पण तारेत मावेल तेवढंच तुमच्यापर्यंत पोहोचलं असणार. विमानतळावरच्या फोटोत दोन वर्षांच्या नीलला खांद्यावर घेतलेले, डोळे मिटलेले गृहस्थ, ते तुमचे मधूआजोबा. त्यांच्याविषयी मी नीट, क्रमाने लिहायचं ठरवलं आहे. हे छापून आलं की कात्रण पाठवीन. बाबांकडून वाचून घ्या. बाबांनाही यातलं बरंच ठाऊक नाही.

मधू अंधेरीला एका संगणक कंपनीत होता. रंगीत दूरदर्शन नुकतं आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. संगणक आम्ही कुणी पाहिलेलाही नव्हता. "देवळासारखं आहे गं," तो सांगायचा, "चपला बाहेर काढायच्या, आत गारवा, आणि मोठ्याने बोलायचं नाही." शनिवारी अर्धा दिवस झाला की असल्फ्यावरून येणारी बस पकडून तो यायचा, काखेत कागदांचा भला मोठा गठ्ठा. घड्या घातलेला लांबच लांब कागद, कडेला भोकांच्या पट्ट्या, एका बाजूला बारीक इंग्रजी छपाई, दुसरी बाजू स्वच्छ कोरी. आपण याला पाठकोरा कागद म्हणतो. आमच्या कोकणातल्या घरात लग्नपत्रिकेची मागची बाजूसुद्धा वाण्याच्या यादीला वापरली जायची; पाठकोरा कागद टाकणं माझ्या हाताला ठाऊकच नव्हतं.

"अक्का, हे जुने कागद फाडून टाकायचं काम माझ्याकडे आहे. पण इतका गुळगुळीत कागद फाडवत नाही गं."

"फाडतोस काय वेड्या? आण इकडे. शिकवणीच्या मुलींना कच्च्या वह्या होतील."

त्यावर काय छापलंय, असं मी एकदा विचारलं. "ऑपरेटिंग सिस्टीम," तो म्हणाला, आणि माझा चेहरा पाहून हसला. "हे बघ, संगणक म्हणजे घर. आधी कोण उठणार, आंघोळीला कोण जाणार, कुणाचं ताट कधी वाढायचं, हे सगळं एक बाई ठरवते. ती दिसत नाही, पण ती नसली की घराची वाट लागते. तिच्या डोक्यातलं सगळं या कागदांवर आहे."

"म्हणजे मीच की रे."

"तूच! फक्त ती ओरडत नाही."

प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक इंग्रजी ओळ होती. हा मजकूर परदेशी मालक कंपनीचा आहे, लेखी परवानगीशिवाय तो कुणालाही दाखवू नये, अशा अर्थाची. ती मी वाचली होती. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरही मी शेवटपर्यंत वाचते, आणि शाळेत इंग्रजी शिकवत असल्यामुळे लाल पेन्सिल सदा हातात असायची. पण आमच्या प्रश्नपत्रिकांवरही 'गोपनीय' छापलेलं असे, आणि परीक्षा संपली की नाक्यावर त्याच कागदात भेळ मिळे. मला वाटलं, हाही तसाच काम संपलेला कागद.

मधूचे गठ्ठे विस्कटलेले असायचे. छापलेल्या बाजूशी मला काही कर्तव्य नव्हतं, तरी उलटसुलट पानं शिवणं मला जमेना. पानांवर आकडे होते. शनिवारचा गठ्ठा मी रविवारी जमिनीवर पसरून लावायची, मागच्या गठ्ठ्यातली राहिलेली पानं त्यात घालायची, एक पान कमी असलं तर मधूला पुढच्या शनिवारी शोधून आणायला सांगायची. तो बिचारा आणायचा. मग गोधडीच्या पांढऱ्या दोऱ्याने तीन टाके, वर तपकिरी कव्हर, त्यावर आकडा. अशा चौदा वह्या झाल्या. फाडायच्या रद्दीतून ते सगळं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी जुळवून ठेवलं होतं...

पहिली वही मी समोरच्या इमारतीतून शिकवणीला येणाऱ्या नलूला व्याकरणासाठी दिली. आठवड्याने तिचे वडील आले. अतिशय गोड बोलणारा माणूस. "बाई, काय सुंदर वह्या शिवता हो! नलू दुसऱ्या वहीला हात लावत नाही. अजून आहेत?" मी चार दिल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, पेढे घेऊन. तिसऱ्या खेपेला उरलेल्या मागितल्या, आणि जाताना दारात थांबून विचारलं, "म्हणजे चौदाच ना? पंधरावी नाही?" या माणसाने आकडा लक्षात ठेवला याचं मला कौतुक वाटलं. नलूच्या हातात पहिली सोडून एकही वही मला पुन्हा दिसली नाही. महिन्याभरात ती पहिलीही दिसेनाशी झाली. नलू म्हणाली, "बाबांनी ऑफिसला नेली." तिचे बाबा अंधेरीतच दुसऱ्या एका संगणक कंपनीत होते, हे मला त्या दिवशी कळलं. मग त्यांनी जागा सोडली, ट्रकमध्ये सामान भरलं, आणि निरोपही न घेता गेले.

त्यानंतरचा एक शनिवार मधू आला नाही. दुसऱ्या शनिवारी दोन अनोळखी माणसं इमारतीखाली उभी राहून सामंतांना विचारत होती, त्या शिक्षिकाबाईंचा भाऊ इथे किती वेळा येतो, हातात काय असतं. मी गॅलरीतून ऐकत होते. तुमच्या बाबांना तेव्हाच परदेशातली नोकरी मिळाली होती. पासपोर्ट, व्हिसा, सगळं अधांतरी होतं.

तिसऱ्या शनिवारी मधू आला. काखेत काही नव्हतं. तो बसला, पोहे खाल्ले, दोनदा पाणी प्यायला. मग सांगितलं की ती ऑपरेटिंग सिस्टीम, तिचा सोर्स कोड, म्हणजे त्या कागदांवरचं मूळ लिखाण, सगळाच्या सगळा दुसऱ्या कंपनीकडे गेला आहे. परदेशातून साहेब आला होता. टेबलावर एक तपकिरी वही ठेवली होती. कुठून आली ते कुणी सांगितलं नाही, फक्त विचारलं, ही कुणी शिवली?

"मग?"

"मी म्हटलं, मी शिवली. साहेबाला वाटलं, इथल्या पुरुषांना शिवण येतं." तो हसला, पण मला हसू आलं नाही. "राजीनामा लिहून घेतला. पोलिसांत जाणार नाहीत म्हणाले." मग बशीकडे बघत त्याने विचारलं, "अक्का, पानांवर वर एक इंग्रजी ओळ होती. तू वाचली नव्हतीस ना?"

"नाही रे," मी म्हटलं. "मी कोरी बाजूच बघते."

"मग ठीक." तो उठला. "मला वाटलंच."

पुढची सात वर्षं हा विषय आमच्यात निघाला नाही. कुठल्याही संगणक कंपनीने त्याला दारात उभं केलं नाही. त्याच्या आधी त्याचं नाव तिथे पोहोचलेलं असायचं. बोरिवलीला एका टायपिंग क्लासात तो मशीन दुरुस्त करायचा. एका लग्नात कुणीतरी मागून म्हणालं, "तोच तो कागदचोर," आणि पंगतीत त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. मी तिथे जाऊन बसले. त्याहून जास्त काही केलं नाही. तोंड उघडायला हवं होतं... शनिवारी तो यायचा, पोहे खायचा, तुमची पत्रं वाचून घ्यायचा. दार कुणी वाजवलं की मात्र आम्ही दोघंही एकदम गप्प व्हायचो.

तेरावा झाल्यावर त्याची बायको कुसुम माझ्याकडे आली. जुन्या पातळाच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं.

"वन्सं, हे तुमचं. यांनी सांगून ठेवलं होतं, माझ्यामागे अक्काला दे."

तपकिरी कव्हर. पांढऱ्या दोऱ्याचे तीन टाके. माझ्या अक्षरात आकडा एक.

"राजीनाम्यावर सही करताना साहेब पाठमोरा झाला, तेव्हा शर्टाखाली घालून आणली म्हणाले. आयुष्यात एवढी एकच चोरी केली कुसुम, असं म्हणायचे. का केली, ते विचारलं तर सांगायचे नाहीत. तुम्हाला ठाऊक आहे का वन्सं?"

ती गेल्यावर मी वही उलटी करून उघडली. पहिलं पान, छापलेली बाजू, माथ्यावरची ती ओळ. त्या ओळीत 'परमिशन'च्या स्पेलिंगमध्ये छापणाऱ्याने एकच एस घातला होता. राहिलेला दुसरा एस, काकपदाची खूण करून वरती, लाल पेन्सिलीने घातलेला होता. माझा एस, खालचा फाटा जरा लांब ओढलेला. मधूने पहिली इंग्रजी अक्षरं माझ्या हाताखाली गिरवली होती. तो एस त्याला साहेबाच्या टेबलावर ओळखू आला होता. म्हणजे शनिवारी पोहे खाताना त्याने मला विचारलं, तेव्हा ती वही बोरिवलीला त्याच्या कपाटात होती.

संपादकांची सूचना असते, कागदाच्या एकाच बाजूस लिहावे. हा लेख मी नव्या आखीव कागदावर लिहिला आहे. पाकिटात घालण्याआधी प्रत्येक पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी आहे.